बारीक आवाज

ऐका ना, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मी थांबेन आणि परत सुरू करणं मला जमायचं नाही. सुट्टीत मी मुलांच्या फिटनेस शिबिरात शिकवायला जायचे ना, ते सात दिवस आधीच का गुंडाळलं असं तुम्ही विचारलं होतं आणि मी 'ऊन फार होतं अगं' असं काहीतरी ठोकून दिलं होतं. ऊन-बिन काही नाही. आमच्या सरांना ऐकू येत नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. बाहेर कळलं की शिबिर बंद, म्हणून मी तोंड शिवून बसले होते. एवढंच. पण एवढंच नाही ना.

सर म्हणजे माझे शाळेतले पी.टी.चे सर. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी सुट्टी लागली की शाळेच्या मैदानावर त्यांचं एकवीस दिवसांचं शिबिर असायचंच. सकाळी साडेसहा ते साडेआठ. मी नऊ वर्षांची असताना त्यात होते. तेव्हा मी एवढी घाबरट, की दोरीउडी मारताना डोळे मिटायचे. सरांनी मला पळायला शिकवलं. म्हणून यंदा त्यांना मदतनीस हवाय असं कळल्यावर मी उडीच मारली. आम्ही चौघं गेलो होतो. त्यात एकजण राज्य पातळीवर धावलेली, एकजण डिप्लोमा केलेला, आणि मी, भोंगा. हसू नका, तुम्हीच ठेवलंय ते नाव. सरांनी आम्हाला मैदानाच्या पार त्या टोकाला उभं केलं आणि म्हणाले, एक ते दहा मोजा, मोठ्यानं. आणि मला घेतलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, सरांना माझ्यात काहीतरी दिसलंय. आई म्हणाली, "दिसलं नसेल, ऐकू आलं असेल." तिनं नुसती चेष्टा केली होती, पण नेमकं तेच होतं!

तिसऱ्या दिवशी कळलं मला. एक बारका पोरगा आडव्या बारला लटकला आणि त्याला उतरता येईना. तो नुसता बोंबलतोय, "सर! सर! ओ सर!" आणि सर त्याच्यापासून दोन हातांवर, पाठ करून, शांतपणे दोरी गुंडाळतायत. मला आधी वाटलं, मुद्दाम करतायत, पोराला धीट करायला. मग त्याचा एक हात सुटला. मी तिकडून ओरडले, "सर, मागे!" तेव्हा सर गर्रकन वळले आणि त्यांनी त्याला झेलला.

शिबिर सुटल्यावर त्यांनी मला खेळाच्या खोलीत बोलावलं. ती खोली माहितीय ना, हवा गेलेले फुटबॉल आणि फाटक्या गाद्या. सर गाद्यांवर बसले आणि माझ्याकडे बघतच नव्हते.

"किती दिवस झाले, सर?" मी विचारलं.

"दिवस?" सर हसले. "तीन वर्षं. डॉक्टर म्हणाला, पस्तीस वर्षं कानाशी शिट्टी वाजवलीत, दुसरं काय होणार. सगळं नाही जात गं. बारीक आवाज आधी जातात. पाखरं गेली, दाराची बेल गेली, आणि मग..." त्यांनी खिडकीतून मैदानाकडे हात केला. तिथे दोन पोरं अजून पाठशिवणी खेळत होती. "मग ही गेली. तोंडं हलताना दिसतात नुसती."

"मशीन लावा ना कानाला. आता एवढी एवढीशी मिळतात."

"एवढीशी असली तरी दिसणारच. दिसलं की बाई म्हणणार, सर, आता घरी आराम करा." बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "त्यांच्या टेबलावर एका फिटनेस अकॅडमीचं पत्रक आलंय. सगळे ट्रेनर पंचविशीचे, सगळ्यांचे टी-शर्ट सारखे. मला फक्त जुनी ओळख म्हणून मैदान देतात. मी घरी बसून काय करू, सांग. भिंतीला कवायत शिकवू?"

मग मी विचारलं, म्हणजे विचारायला नको होतं, "म्हणून मला घेतलंत का?"

"तुझा आवाज येतो मला," सर म्हणाले. "रेड्यासारखा आहे. अगदी स्पष्ट."

मी हसले. घरी जाऊन थोडी रडले, पण तिथे हसले. आणि म्हणाले, सर, नाही सांगणार कुणाला.

"पण पोरं बोलायला येतात तेव्हा काय करता?"

"पोरं काय सांगतात? दात पडला. मांजरीला पिल्लं झाली. काल पन्नास उड्या मारल्या." सरांना आता मजा वाटायला लागली होती. "शाब्बास म्हणायचं. दहातल्या नऊ वेळा बरोबर बसतं."

आणि खरंच बसायचं हो! पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. कुठला मोठा माणूस इतकं ऐकून घेतो आणि वर शाब्बास म्हणतो? एकदा एक पोरगा आला आणि म्हणाला, सर, आजी जिन्यावरून घसरली. सर म्हणाले, "शाब्बास!" तो पोरगा जमिनीवर लोळून हसला. आजीला काही झालं नव्हतं म्हणा. मीही हसले. पोट धरून हसले मी.

आता ती मुलगी.

दहा वर्षांची. गुबगुबीत, गोरीमोरी होणारी, आणि आवाज असा की शेजारी बसलं तरी वाकून ऐकायला लागायचं. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव उशी ठेवलं. मी ओरडले त्यांच्यावर, पण ओरडल्यानं नाव जात नाही, चिकटतं, हे मला भोंग्याला कुणी सांगायला नको. तिचा मामा तिला सोडायचा. त्याची बेकरी होती आणि पहाटेचा माल दुकानांत टाकायला तो निघायचा, त्याच गाडीवर ट्रेच्या मधोमध हिला बसवून सव्वासहालाच मैदानावर उतरवायचा. पहिल्या दिवशी सरांना म्हणाला, "घ्या सर, आमचा बन. एकवीस दिवसांत बारीक करून द्या." स्वतःच मोठ्यानं हसला. माणूस वाईट नव्हता. भाचीवर माया होती त्याची. पण त्याला असंच बोलता यायचं.

तिची आई शिवणकाम करायची, शाळेचे युनिफॉर्म. एका गाळ्यात दुकान. बाबा दुसऱ्या गावाला असायचे, रविवारी फोन करायचे. बाबा काय करतात, असं मी एकदा तिला विचारलं, तर तिनं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

तर ती बाकी सगळ्या पोरांच्या आधी यायची. तेव्हा सर फक्की मारत असायचे, म्हणजे चुन्याची पांढरी पूड पत्र्याच्या डब्यातून सोडत मैदानावर रेघा आखायचे. आणि ही त्यांच्या बाजूनं रेघेच्या कडेकडेनं चालायची आणि बोलायची. कुणाशी अक्षर न बोलणारी मुलगी, पण सरांशी बोलायला लागली की पाच-पाच मिनिटं थांबायची नाही! मी लांब प्लॅस्टिकचे कोन मांडत असायचे, मला फक्त दिसायचं. ती मान वर करून काहीतरी सांगतेय, सर मान हलवतायत, मध्येच म्हणतायत, "शाब्बास! वा, पैलवान!" सर सगळ्यांनाच पैलवान म्हणायचे, पण हिला म्हणाले की हिचा चेहरा असा उजळायचा, असा, की मला थोडा हेवाच वाटायचा.

मला माहीत होतं ना, की त्यांना त्यातला एकही शब्द ऐकू येत नाहीये. मला माहीत होतं. एकदा मनात आलंही की जाऊन सांगावं, बाळा, माझ्याशी बोल. मग म्हटलं, असू दे, खूष आहे पोरगी. कशाला बिघडवा.

शिबिर सुटताना प्रत्येकाला एक केळं मिळायचं. सरांचा नियम, की केळं खाल्ल्याशिवाय फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. हिचं केळं एका उंच पोराकडे जाताना मी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात फिरवला. म्हणाले, किती गुणाची आहेस गं, वाटून खातेस.  वाटून कुठे खात होती? वाटूनच टाकत होती.

बाराव्या दिवशी मापं घेतली आम्ही. पहिल्या दिवशी घेतली होती, तीच परत. हिची कंबर अडीच इंचांनी कमी. बारा दिवसांत अडीच इंच! मला वाटलं, पहिल्या वेळी मी चुकले असेन, म्हणून टेप परत लावला. तेवढंच आलं. मी माझ्या या भसाड्या आवाजात सगळ्या मैदानाला ऐकवलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिला कुणी उशी म्हटलं नाही. मामानं गाडीवरूनच हात जोडले, "सर, जादू केलीत!" आणि ती उभी होती, ओठ कोरडे पडलेले, डोळ्यांखाली काळं, आणि हसत होती. मी बघितलं ते काळं. मला वाटलं, लवकर उठते ना, म्हणून.

चौदाव्या दिवशी रिले होती. हिला तिसऱ्या नंबरला ठेवलं होतं, कारण आता ती 'हलकी' झाली होती ना. सर वळणावर उभे, मी इकडे शेवटच्या टोकाला. तिनं बॅटन घेतलं, पळायला लागली, आणि वळणावर येताना हळू झाली. सरांकडे बघून काहीतरी बोलली. मला तिचे ओठ हलताना दिसले. सरांनी हात उंच केला आणि म्हणाले, "शाब्बास! पळ, पळ!"

आणि ती पळाली. आणखी सात-आठ पावलं पळाली. मग दोरीवरचा कपडा वाऱ्यानं सुटून पडतो ना, तशी पडली. आवाज नाही, काही नाही.

थांबा. पाणी द्या जरा.

हं. कोपऱ्यावरच दवाखाना होता. सरांनी तिला उचललं आणि ते पळाले, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, मला त्यांना गाठता येईना. डॉक्टरीण बाईंनी बोट टोचून रक्त तपासलं, डोळे बघितले, सलाईन लावलं आणि मला विचारलं, "साखर फार खाली गेलीय. ही किती दिवस जेवली नाहीये?"

मी म्हटलं, "जेवते ना. बेकरीवाल्यांची भाची आहे ती."

डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझंच वाक्य परत तोंडात घालावंसं वाटलं.

अर्ध्या तासात आई आली, मामा आला. आई दुकानातून तशीच उठून आलेली, गळ्यात टेप, ओढणीला दोरे चिकटलेले. तोवर पोरीला थोडी हुशारी आली होती. आईनं तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय गं, सोने, दुपारचा डबा खात नव्हतीस? रात्रीचं पण?"

ती म्हणाली, "सरांना माहितीय."

"काय माहितीय?"

"मी रोज सांगायचे सरांना. आज दूध नाही प्यायले. काल डबा पण नाही खाल्ला. सर शाब्बास म्हणायचे." मग म्हणाली, "आज मी सांगितलं चक्कर येतेय. तरी शाब्बास म्हणाले. मग मी पळाले."



आई उठली. काही माणसांचा चिडल्यावर आवाज चढतो, हिचा उतरायचा. लेकीचा आवाज कुठून आला ते तिथे कळलं मला. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू, धाग्यासारख्या आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्या पोरीला उपाशी राहायला शिकवलंत?"

सरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना वाटलं, आई आहे, काळजीनं विचारतेय. ते मान हलवून म्हणाले, "हो, हो. वाघीण आहे ती."

"हो म्हणतो वर!" मामा पुढे आला आणि त्यानं सरांचा दंड धरला. "म्हातारा आहेस म्हणून सोडतोय तुला! लेकरू मेलं असतं! बारीक कर म्हटलं म्हणजे मारून टाक म्हटलं का रे?"

मामाचा आवाज जाड. तो सरांना ऐकू आला. सर माझ्याकडे बघायला लागले, नेहमी बघायचे तसे. मुलांचं काही कळलं नाही की ते माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे. म्हणजे त्यांचे कान मीच होते ना. आणि मी तिथे उभी. सांगितलं तर शिबिर संपलं, शाळा संपली, सर घरी भिंतीसमोर. नाही सांगितलं तर सर जन्मभर लेकरांना उपाशी मारणारा माणूस. आणि तुम्हाला खरं सांगू का, त्या क्षणी पण, एवढं होऊन पण, मी दोन-तीन श्वास गप्प राहिले. शब्द दिला होता म्हणून नाही. सांगितलं तर मलाही विचारतील ना, तुला कधीपासून माहीत होतं, म्हणून.

मग मी ओरडले. "सरांना ऐकू येत नाही! लहान मुलांचं काहीच ऐकू येत नाही त्यांना! त्यांनी तिचं एक अक्षर ऐकलेलं नाहीये!"

बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. औषधं देणारा माणूस काउंटर सोडून आला. मामाचा हात सुटला. आणि सर, अहो, मी बोलले ते सगळ्यात आधी सरांनाच ऐकू आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, मी उगाच फोडलं. तोवर त्यांना माहीतच नव्हतं ना, भांडण कशावरून आहे ते.

मग तेही मलाच सांगावं लागलं. जवळ जाऊन. "सर, ती तुम्हाला रोज सांगायची, मी जेवले नाही. आणि तुम्ही शाब्बास म्हणायचात."

"काय सांगायची?"

"मी जेवले नाही."

"रोज?"

"रोज, सर. फक्की मारताना."

सर खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, चपला काढायचं फळकूट होतं, त्याच्यावर बसले, लोकांच्या चपलांवरच.  मग उठून पलंगाजवळ गेले. आई आडवी आली नाही. मला वाटलं येईल.

सर म्हणाले, "बाळ, मला ऐकू येत नाही गं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "कालचं पण नाही ऐकलं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "विचारतेय, कालचं पण नाही ऐकलं का."

"नाही बाळ."

"आणि त्याच्या आधीचं? पहिल्या दिवसाचं?"

मी सांगितलं. सरांनी मान हलवली, नाही.

तिनं मग विचारलं, "बाबांचं सांगितलं होतं, ते?"

"बाबांचं काय?" आई एकदम म्हणाली.

मी सरांना ते सांगितलंच नाही. पण त्यांना आईच्या चेहऱ्यावरून कळलं असावं काहीतरी, ते पोरीजवळ वाकले आणि म्हणाले, "आता सांगशील? मोठ्यानं सांग, अगदी ओरडून सांग. मी ऐकतो. ही सांगेल मला."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा आईकडे. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सलाईनची नळी ताणली गेली, नर्सनं येऊन हात सरळ केला, तरी ती वळली नाही. बाबांचं ते काय होतं, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. आईनं विचारलं, मामानं विचारलं, डॉक्टरीण बाईंनी गोडीत विचारलं. तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तोही कसला, पाच-पाच मिनिटं मान हलवणारा.

सर दवाखान्यातून सरळ शाळेत गेले. मी म्हटलं, मी येते, तर म्हणाले, नको. बाईंना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. बाई चांगल्याच वागल्या म्हणे, खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, पण शिबिर त्याच दिवशी बंद. चौतीस पालकांना फोन मी केले. प्रत्येक जण विचारायचा, का हो, काय झालं? मी तेच सांगत होते, जे तुम्हाला सांगितलं. ऊन फार आहे.

तिला तीन दिवस तिथेच ठेवलं होतं, तर सर तिन्ही दिवस दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसत होते. आत कुणी बोलावलं नाही, आणि तेही गेले नाहीत. आता त्यांनी कानाला मशीन लावलंय. मी भेटायला गेले तर म्हणाले, सगळं ऐकू येतं आता, पिशवी चुरगळलेली पण ऐकू येते, नकोसं होतं. मी विचारलं, पाखरं? ते म्हणाले, "येतात ना." आणि बोलणं तिथेच संपलं. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पण मला तुम्हाला त्यानंतरचं सांगायचं होतं. त्यासाठीच तर एवढं सगळं.

तिची पाण्याची बाटली खेळाच्या खोलीत राहिली होती. दहा दिवसांनी मी ती घेऊन तिच्या आईच्या दुकानात गेले. बाटलीचं निमित्तच. एवढासा गाळा, भिंतीला युनिफॉर्म टांगलेले, सगळे एका रंगाचे, आणि मागे खाली बसलेली ती. तिच्यासमोर बटणांचा मोठा डबा उपडा केलेला. आई मशीनवर होती. मला बघून तिनं पाय थांबवला, चाक हातानं धरलं.

मी बाटली दिली. विचारलं, "कशी आहे आता?"

"खाते आता. पोटभर खाते," आई म्हणाली. मग आवाज आणखी उतरवून म्हणाली, "बोलत नाही. हो, नाही, एवढंच. रविवारी फोन आला की घेत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बोलेल हळूहळू."

मी मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" आईनं विचारलं. "सरांना येत नाही ऐकू, ते?"

मी म्हटलं, "हो. तिसऱ्या दिवसापासून."

मला वाटलं, आता ही मला हाकलणार, आणि खरं सांगते, मी त्याच्यासाठीच गेले होते. कुणीतरी मला एकदा बोलावं. पण ती चाकावरचा हात न काढता म्हणाली, "मी तिला डबा पिशवीत ओतताना बघितलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी. सगळा भात पिशवीत ओतला आणि पिशवीला गाठ मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिला दिसले नाही मी."

"मग?"

"मग काही नाही." तिनं भिंतीवरच्या कपड्यांकडे बघितलं. "दर वर्षी तिचा युनिफॉर्म उसवायचा, कंबरेला पट्टी जोडायची. यंदा मी तिला म्हटलं होतं, मी काही हा सैल करायची नाही, तूच याच्यात मावून दाखव. चेष्टेत म्हटलं होतं. आणि ती मावायला लागली. मला वाटलं, असू दे. कमी होतेय ना."

मी तिथेच स्टुलावर बसले.  रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मागे ती मुलगी बटणं निवडत होती, पांढरी एकीकडे, निळी एकीकडे, तुटकी तिसरीकडे. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो, आणि आमचं सगळं बोलणं तिला नक्कीच ऐकू गेलं होतं, पण तिनं मान वर केली नाही.